ओट्यावरचा तह

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडसमोर मी ज्याच्याकडे दाढी करतो, त्याला युद्ध थांबलेलं चालत नाही, संपलेलं लागतं. टीव्हीवर युद्धविरामाची बातमी आली की तो गालावरचा वस्तरा उचलतो.

"लढाई थांबून राहिली भाऊ, संपून नाही राहिली. सही झाली का? कैदी वापस गेले का? कब्जा सोडला का?"

तोवर माझ्या गालावरचा फेस वाळतो.

कब्ज्याबद्दल तो फारच कडक, कारण शेजारच्या पानठेलेवाल्यानं आपला बाक सरकवत सरकवत याच्या दुकानाच्या अर्ध्या ओट्यावर आणला होता. दोघांचं बोलणं बंद होतं. "कब्ज्यात काढलेला हुकूम रद्द, केलेलं सारं रद्द," असं हा ठेल्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणायचा.

परवा माझी दाढी अर्धी झाली असताना पानठेलेवाला स्वतःहून आला. "बाक मागे घेतो," म्हणत त्यानं सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा पुढे केला. यानं तो लगेच घेतला नाही. आधी ओट्यावर खडूनं रेघ मारली, मला फेसासकट साक्षीला उभं केलं आणि मगच खर्रा तोंडात टाकला. युद्ध रीतसर संपलं.

दोघांनी मिळून बाक उचलला, तर खाली कुत्री व्यालेली. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते.

यानं बाक हळूच होता तिथंच टेकवला.

"काऊन गा?" पानठेलेवाला गोंधळला. "तूच तं म्हणत होता, सारं रद्द."

"हुकूम रद्द होते," तो म्हणाला. "जन्म नाही होत."

आणि माझा राहिलेला गाल करायला आत गेला.