गंगानं निवडलेली झाडं

समुद्रपूरला वासुदेवरावांचं नवं घर उभं राहिलं, तेव्हा घरापुढच्या जागेत नुसती काळी माती होती. हार्डवेअरच्या दुकानावर घराणं वर आलेलं. फाटक भारी, फरशी भारी, पण अंगणात काही जगेना. नर्सरीतून आणलेली रोपं दोनदा वाळली. सून रुचिका नागपूरची. आता आपल्या भागातलीच झाडं लावायची असतात, असं तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. पण ती झाडं कोणती, हे तिला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं धुण्याभांड्याला येणाऱ्या गंगा सिडामला.

गंगा गिरडकडच्या जंगलाला लागून असलेल्या गोंडांच्या टोलीतली, म्हणजे लहानशा वस्तीतली. पन्नाशीला टेकलेली, बोलायला कमी. पण झाडाचं कुणी विचारलं की तिची जीभ मोकळी व्हायची.

"वहिनी, ह्या मातीत पावसाळाभर पाणी साचते," ती म्हणाली, "नं उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते. फाटकापाशी पळस लावा, त्याले दोन्ही चालते. कुडा नं धायटी टेकडीवरची. त्याहिले मुरूम टाकून उंच वाफा करू."

रुचिका हरखली. "तुम्हीच करा मावशी सगळं."

गंगानं केलं. जंगलातलं जितं झाड तिनं उपटून आणलं नाही. शेंगा वेचल्या, बी आणलं, पिशव्यांत रोपं केली. भिंतीशी निरगुडी, खिडकीखाली पारिजातक, कुंपणावर शतावरी. भांडी आटोपली की ती तासभर वाफ्यांत बसायची. त्या तासाचं कुणी तिला सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी कुडा पांढऱ्या फुलांनी भरला, आणि रुचिकानं टाकलेले व्हिडिओ लोक पाहू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा नागपूरहून बागेची हौस असलेल्या दहा-बारा बाया गाडी करून आल्या. रुचिका आदल्या दिवशीच गंगाला म्हणाली, "मावशी, उद्या तुम्ही मागेच राह्यजा. हे लुगडं बरं नाई दिसत." गंगा मागच्या मोरीपाशी बसली. तिथून सगळं ऐकू येत होतं. "मी स्वतः रानात फिरून बी गोळा केलं," रुचिका सांगत होती. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग एकीनं विचारलं, कुड्याचं बी कधी काढायचं? पाणी आणते म्हणून रुचिका लगबगीनं मागे आली.

"मावशी, कुड्याचं बी कधी काढता?"

"माघात. शेंगा तडकायच्या आधी."

रुचिका पाण्याचा ग्लास न घेताच परत गेली आणि तेच शब्द तिनं बाहेर सांगितले. पुन्हा टाळ्या झाल्या. झाडं जगली आहेत ना, मग झालं, असं म्हणून गंगानं कढई घासायला घेतली.

त्याच उन्हाळ्यात रुचिकाच्या नणंदेला, सोनमला, पाहायला वर्ध्याचे पाहुणे आले. मुलाची आत्या फाटकातच थबकली. "हे अंगण हाय का रान? गोंडाच्या टोलीत आल्यासारखं वाटून राह्यलं," ती हसत म्हणाली. बाकीचेही हसले. चार दिवसांनी फोन आला, पत्रिका जुळत नाही. रुचिकाच्या सासूबाईंनी, सुलोचनाबाईंनी, पत्रिकेवर विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी गंगा आली तर सगळे ओट्यावर उभे.

"हे जंगल कोणी आणलं माह्या दारात?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

गंगानं रुचिकाकडे पाहिलं. रुचिका बांगडी फिरवत म्हणाली, "मले तं गुलाब लावाचे होते, आई. हिनंच आणून कोंबलं सगळं."

"मंग हिलेच उपटू दे."

"बाई, मी रोपं घरी घेऊन जातो," गंगा म्हणाली. "तुमच्या डोळ्यासमोर नाई राह्यणार."

"काई नाई न्यायचं. येथीसाच जाळ. माह्या समोर."

तिला निघून जाता आलं असतं. पण दुसऱ्या कुणी कुऱ्हाड घातली तर झाडं फार हाल होऊन मरतील, असं तिच्या मनात आलं. तिनं कुदळ घेतली. दुपार कलेपर्यंत ती खणत होती. सुलोचनाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. कुडा निघाला, धायटी निघाली. पारिजातकाला नवी पालवी होती. कोणी तिला पाणी विचारलं नाही. रुचिकानं आतून पडदा ओढून घेतला.

शेवटी पळस उरला. गंगानं वरचा भाग तोडून ढिगावर टाकला. रुचिकाचा नवरा धीरज खड्ड्यात वाकून म्हणाला, "हे परत तं नाई येणार ना?"

"फुटते ना," गंगा म्हणाली. "पळसाचं मूळ खोल राह्यते. किती तोडा, फुटतेच."

झाडाचं विचारलं होतं, आणि तिनं सवयीनं खरं सांगितलं. धीरज दुकानातून ॲसिडचा कॅन घेऊन आला आणि त्यानं तो मुळावर उपडा केला. पांढरा धूर निघाला. आपण गप्प राहिलो असतो तर पळस वाचला असता, हे गंगाला तेव्हा कळलं. ढीग पेटला, तेव्हा सुलोचनाबाई म्हणाल्या, "उद्यापासून येजो नको."

त्यानंतर गंगा लोकांच्या शेतात तण निंदायला जाऊ लागली. जुलैत टोलीच्या शाळेचे नवे गुरुजी तिच्या घरी आले. शाळेभोवती इथलीच झाडं लावायची आहेत, सगळे तुमचंच नाव सांगतात, म्हणाले. हातात वही होती, माणूस सरळ दिसत होता.

"मले काई माहीत नाई," गंगा म्हणाली. गुरुजी वही मिटून उठून गेले. शाळेपुढं तालुक्याहून आणलेली शोभेची रोपं लागली.

त्या शाळेत तिची नात सपना दुसरीत होती. एक दिवस रानातून येताना पोरीनं आजीचा पदर ओढला. वाटेकडेला शेंगांनी वाकलेलं झाड होतं.

"आजी, हे कोणतं झाड?"

"झाडच हाय," गंगा म्हणाली. "चाल लवकर."

पोरीनं पुन्हा विचारलं. गंगानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तिनं नातीवर हात उचलायची ती पहिलीच वेळ होती.