खळ्यावर गेलेला कूलर

माझं माहेर सिंदीचं, कापडाच्या दुकानाचं. सासर अल्लीपूरच्या बाजूचं, शेतीचं. नव्वद सालानंतर लवकरच लग्न झालं, तेही ऐन एप्रिलमध्ये. मला गरमी सोसत नाही म्हणून वडिलांनी आंदणात लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर दिला. पहिला उन्हाळा मी सुखात काढला. मग त्या कूलरवर माझ्या भासऱ्यांची नजर पडली.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही घरची रीत. माणूस वाईट नव्हता. पण कुठलीही वस्तू नुसती आपल्या नेमल्या कामाला लागलेली त्यांना बघवत नसे. जाऊबाईंच्या शिलाई मशीनचं खालचं चाक त्यांनी कडबा कापायच्या यंत्राला बसवलं होतं. जाऊबाई म्हणत, "मी तं बोलून थकली. आता तू बोल." मी कशी बोलणार?

फेब्रुवारीत तुरीची रास खळ्यावर पडली आणि नेमका वारा पडला. वाऱ्याशिवाय उफणणार कसं? भासरे आमच्या खोलीच्या दारात आले आणि माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाले, "कूलरचा पंखा दोन दिवस नेतो."

नवऱ्यानं निमूट पेचकस आणून दिला. ते गेल्यावर मी विचारलं, "माह्या आंदणातला आहे तो. तुमी काऊन देल्ला?"

"दादा आहे तो. त्याले मी काय म्हणू?"

पंखा परत आला तो होळी झाल्यावर, एक पातं वाकलेलं घेऊन. लावला तर खोलीभर तुरीचं भुसकट उडालं. कितीतरी दिवस मी शिंकत होते.

पुढच्या वर्षी त्यांनी भिंतीलाही विचारलं नाही. जुन्या बैलबंडीच्या फळ्या ठोकून घोडा केला, त्यावर पंखा पक्का आवळला, आणि गावातल्या अर्ध्या लोकांची तूर आमच्या खळ्यावर यायला लागली. लोक म्हणत, काय डोकं आहे! इकडे माझ्या खोलीत कूलरचा रिकामा डबा, आणि त्यात जाऊबाईंचे कांदे. मी गोठ्यात जाऊन गाईला मोठ्यानं सांगत असे, "ज्याची वस्तू त्याले विचारा लागते, नाई काय वं?" भासरे पलीकडेच असत. ऐकून घेत, आणि गाईच्या गळ्यातल्या साखळीकडे बघत राहत. तीही कशाला तरी कामी येईल, असं त्यांच्या मनात असणार.

मग विजेची लाईन जाण्याचे दिवस आले. सकाळी गेली की दुपार उलटून जाई. विहिरीवर मोटर बसल्यापासून जुनं डिझेल इंजिन पडून होतं. ते भासऱ्यांनी खळ्यावर ओढत आणलं आणि पट्टा चढवून पंख्याला जोडलं. "आता लाईन गेली तरी काम थांबत नाई," ते खुशीत म्हणाले.

जाऊबाई आणि मी टोपल्या घेऊन उभ्या राहिलो. इंजिन सुरू झालं. सुरुवातीला असा झकास वारा सुटला की मीसुद्धा मनातल्या मनात म्हटलं, जमलं बाई! मग आवाज चढत गेला. घोडा जागच्या जागी नाचू लागला. खाडकन आवाज झाला, पंख्याचं एक पातं तुटून जाऊबाईंच्या डोक्यावरून गेलं आणि गोठ्याचा पत्रा चिरून आत घुसलं. भासरे नुसते बघत उभे. उरलेली पाती फिरतच होती.

"दादा, इंजिन बंद करा आधी!"

इतक्या वर्षांत त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य. पदर कधीच खांद्यावर आला होता. त्यांनी इंजिन बंद केलं, पण मी काही थांबले नाही. "जाऊबाईचं डोक्सं गेलं असतं! कूलरचा पंखा आहे तो, विमानाचा नाई. न विचारता नेता, मोडता, अन वरून गावाले दाखवता. घरात माणसं उकडून राह्यले, अन इथं तूर हवा खाऊन राह्यली!"

भासऱ्यांनी सगळं ऐकलं. पत्र्यापाशी गेले, चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पातं जाड पत्र्याचं पाह्यजे होतं."

जाऊबाई तुरीच्या राशीवरच बसल्या आणि हसू लागल्या.

मे महिन्यात भासऱ्यांनी मला नवा कूलर करून दिला. डिझेलचं पिंप कापून, आत स्वतः घडवलेली जाड पाती लावून. थंडावा चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण चालू केला की अंथरुणावर पाणी उडे, आणि पाहुणे विचारत, दारात ट्रॅक्टर कोणाचा?

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलू लागले. "बाई, हे घेऊ काय?" असं विचारत. मी तोंड उघडेपर्यंत वस्तू त्यांच्या हातात असे.

दोन हजारनंतर भाड्याची मळणीयंत्रं आली आणि भासऱ्यांची सगळी यंत्रं गोठ्यामागे गंजत पडली. एकदा भंगारवाला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "हे सारं घेऊन जा." तो उचलायला वाकला, तेवढ्यात भासरे बाहेर आले. त्यांनी त्याची हातगाडी निरखून पाहिली, तिच्यावरचा कुठल्यातरी गाडीचा गिअरबॉक्स उतरवून घेतला आणि मला म्हणाले, "बाई, याले चहा ठेवा."

मी आत जाऊन चहा ठेवला.