साडूंचं कर्ज, माझा अडकलेला पास

कम्युनिटीतल्या मंडळींनो, दुपारपासून डोकं भणभणतंय.

ओझरच्या आमच्या कारखान्यात मला संरक्षण खात्याच्या कामावर घेणार होते. सुरक्षा तपासणीच्या फॉर्मवर ‘थकीत कर्ज’ असा रकाना होता. मी ‘नाही’ लिहिलं. पतसंस्थेचं कर्ज साडूंनी थकवलंय, मी नुसता जामीनदार!

आज साहेबांनी पतसंस्थेचं पत्र समोर ठेवलं. "कर्जाचं एक वेळ चाललं असतं, पण तुम्ही लपवलंत. आता फेडल्याशिवाय त्या विभागात जायचा पास नाही."

फेडणार होतो ते त्याच कामाच्या वाढीव पगारातून!

तावातावाने साडूंना फोन लावला. ते म्हणाले, "बरं झालं तुम्हीच केलात. गाडीच्या कर्जाला तुमची सही हवीय."

बायको शेजारून कुजबुजली, "नाही म्हणू नका हं, ताईला वाईट वाटेल."

उद्या सकाळी ते कागद घेऊन येतायत. सांगा, दार उघडू का?