माझं नसलेलं लुगडं

कराडहून निघताना आईने माझ्या ट्रंकेत दोन जाड सुती पाचवाऱ्या, एक लोकरीची शाल आणि मेणकापडात गुंडाळलेले माझे दाखले भरले. मुंबईला कोणत्या दिवसांत काय नेसतात, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. समुद्राचं वारं बाधतं म्हणून शाल. एवढाच विचार. मी तेव्हा वीस वर्षांची होते, शिक्षिकेचा अभ्यासक्रम नुकता पुरा केला होता आणि अंधेरीच्या एका मराठी शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. वडील दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. ही नोकरी मिळाली नाही तर पुढल्या उन्हाळ्यात माझं लग्न उरकायचं, असं काकांनी ठरवूनच टाकलं होतं. मला शिकवायचं होतं.

माझी थोरली बहीण अंधेरीला स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांत राहायची. मी पोचले तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं. सकाळी दवाने गवत ओलं, दहा वाजता अंगाची लाही, आणि दुपारी कुठून तरी ढग येऊन गडगडाट. तीन दिवस हेच चाललं होतं. ताईने माझी ट्रंक उघडली, पाचवाऱ्या बोटांनी चाचपल्या आणि म्हणाली, "ही नेसून जाणार तू? अगं, या उन्हात भाजून निघशील. आणि दिसतंय कसं, गोणपाटासारखं!"

तिने स्वतःचं पांढरं, व्हॉइलचं तलम पातळ काढलं. निळ्या बारीक काठाचं, खळ घालून कडक इस्त्री केलेलं. तिच्याकडे तेवढं एकच होतं.

"पाऊस आला तर?" मी विचारलं.

"अकराची मुलाखत. पाऊस येतो तीनला."

भावजी कचेरीला निघता निघता म्हणाले, "छत्री घेऊन जाऊ दे तिला." पण घरात एकच छत्री, ती त्यांची, काळी, वाकड्या मुठीची. ताई म्हणाली, बाप्याची छत्री हातात घेऊन उमेदवार उभी राहिली की झालंच. बाहेर लख्ख ऊन होतं. मीही हट्ट धरला नाही. खरं सांगायचं तर व्हॉइल नेसून आरशात पाहिल्यावर मला छत्री नकोशीच वाटली.

शाळा मरोळच्या बाजूला होती. बसमधून उतरून भातखाचरांच्या मधून अर्धा मैल चालायचं होतं. मी उतरले तेव्हा उन्हाने डोळे दिपत होते. दोनशे पावलं गेले असेन, तोच मागून थंड वारं आलं. वळून पाहिलं तर डोंगराच्या बाजूचं आभाळ काळंनिळं झालेलं. मी पळत सुटले. चपलेचा अंगठा निसटला, तो नीट करायला वाकले, आणि पावसाने मला तिथेच गाठलं.

एक आंब्याचं झाड होतं, त्याखाली गेले, पण तोवर उशीर झाला होता. व्हॉइल अंगाला चिकटलं. आतला गुलाबी परकर, पोलक्याच्या शिवणी, सगळं बाहेरून दिसत होतं. दाखल्यांची पिशवी छातीशी धरली. इतक्यात सायकलवरून दोन पुरुष आले आणि त्याच झाडाखाली थांबले. एकाने माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्याला कोपर मारलं. मी तोंड फिरवून बुंध्याला टेकले, तर पाठीवरची नजर आणखीच जाणवू लागली. दूर शाळेची घंटा झाली. साडेदहाची असावी. किंवा पावणेअकराची. माझ्याकडे घड्याळ नव्हतं. अशा अवस्थेत मुलाखत घेणाऱ्यांपुढे जाऊन बसायचं, नाहीतर मुलाखत सोडून ताईच्या घरी परतायचं, आणि परतायचं तरी बसमध्ये सगळ्यांच्या देखत. रडू येत होतं, पण त्या दोघांसमोर रडायचं नव्हतं.

"अगो पोरी! तिकरं कं उभी हायस? इकरं ये!"

खाचराच्या पलीकडे कौलारू घराच्या ओटीवर एक बाई उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, तांबड्या चौकडीचं लुगडं नेसलेली. अंगणात दगडी क्रूस होता. मी बांधावरून धावत गेले, आणि पायरीशी अडले.

मी ख्रिस्ती घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. ओटीवर सुक्या बोंबलांच्या टोपल्या होत्या, वास नाकात शिरत होता. पावसात भिजत मी पायरीखालीच उभी राहिले. बाईने माझ्याकडे नीट पाहिलं.

"आत आलीस तं बाटशील का गो? नसलं यायचं तं नको येव. पन त्या मेल्यांच्या समोर नको उभी राहू."

मी आत गेले.

तिने पंचा दिला, दार लोटून घेतलं आणि विचारलं, कुठे निघालीस. मी सांगितलं. "अकराला?" ती म्हणाली आणि तडक आतल्या खोलीत गेली. पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. ती आली ती तसंच तांबड्या चौकडीचं लुगडं घेऊन, पण कोरं करकरीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचं. सणाला चर्चमध्ये जाताना नेसायचं असणार. बरोबर चोळी.

"हे जाड हाय. भिजलं तरी कायबी दिसनार नाय," ती म्हणाली.

ती नेसली होती तसं लुगडं पोटऱ्यांपर्यंतच येत होतं. मी माझ्या आईच्या पद्धतीने नेसून ते घोट्यापर्यंत ओढलं. चोळी खांद्यावर सैल होत होती, तिने मागून दोन टाचण्या लावल्या. तिचे हात खडबडीत होते आणि घाईत होते. मग भिंतीवरची छत्री माझ्या हातात कोंबून म्हणाली, "जा. तुजं लुगरं सुकवून ठेवते. येताना ने."

शाळेत पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. शिपायाने सांगितलं, तुमचं नाव एकदा पुकारलं. व्हरांड्यात आणखी चार उमेदवार बसल्या होत्या, सगळ्या पाचवारीत, कोरड्या. त्या पावसाआधीच येऊन बसल्या असणार. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकीने पदर तोंडाशी नेला. मला शेवटी बोलावलं. तोवर तासभर गेला.

टेबलामागे तिघं होते. मुख्याध्यापिका, संस्थेचे चिटणीस आणि एक वयस्कर गृहस्थ. चिटणिसांनी माझे कागद उघडलेही नाहीत, नुसतं तांबड्या चौकडीचं लुगडं पाहिलं.

"गावठाणातल्या का तुम्ही? बाई, आम्हाला शुद्ध मराठी शिकवणारी शिक्षिका हवी आहे. बोली चालायची नाही."

मी घाईघाईने म्हणाले, "नाही, नाही, मी कराडची आहे. हे लुगडं माझं नाही."

चिटणीस हसले. "तरीच! चेहऱ्यावरून वाटत नव्हतंच." त्यांनी कागद ओढून घेतले. "वा, मार्क चांगले आहेत."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी कान तापले. किती घाई केली होती मी सांगायची!

मुख्याध्यापिका हसल्या नव्हत्या. "मग कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"वाटेत पावसाने गाठलं. एका बाईंनी दिलं."

"नाव काय त्यांचं?"

नाव विचारलंच नव्हतं. तिचं लुगडं नेसलं, तिची छत्री घेतली, आणि नाव विचारायचं सुचलं नव्हतं.

"माझ्या शाळेत निम्मी मुलं त्या घरांतून येतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "वर्गात ती त्यांच्या घरचं बोलतील. तुम्ही काय करणार? हसणार? मारणार?"

चिटणीस खुर्चीत चुळबुळले. मला खरं उत्तर द्यायचं होतं, पण कोणतं उत्तर चिटणिसांना रुचेल हेही कळत होतं. मग मी म्हणाले, "त्या बाई बोलल्या ते मला सगळं कळलं. मी बोलले ते त्यांना कळलं. पुस्तकातलं मी शिकवीन, पण हसणार नाही. आज हसले असते तर इथे आलेच नसते."

चिटणिसांनी भुवया वर केल्या. मुख्याध्यापिकांनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "कळवू."

कळवू म्हणजे नाही, असं मी धरून चालले. बाहेर पुन्हा कडकडीत ऊन पडलं होतं. जाड लुगड्यात घाम निथळत होता. मी त्या घरी गेले. ताईचं व्हॉइल चुलीवरच्या दोरीवर वाळत होतं, धुराने पिवळट झालेलं.

"जालं का काम?" बाईने विचारलं.

"माहीत नाही." मग मला राहवेना. "मी त्यांना सांगितलं, हे लुगडं माझं नाही म्हणून."

तिने दोरीवरचं व्हॉइल ओढून काढलं. "मग? तुजं नव्हतंच ना?"

काय म्हणायचं होतं ते तिला समजलं की नाही, मला कधीच कळलं नाही. कदाचित समजलंही असेल आणि तिने ते बाजूला सारलं असेल. मी तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं, माझं विचारलं, आणि चहाचा पेला पुढे ठेवला. चहा काळा होता, गुळाचा. मी पायरीवर नाही, आत चुलीजवळ बसून प्याले.

ताईने व्हॉइल तीनदा धुतलं. धूर गेला, पिवळा डाग राहिला, आणि आठवडाभर ती माझ्याशी तुटक बोलली. लुगड्याची हकीकत मी तिला सांगितली, भावजींनाही सांगितली. पंधरा दिवसांनी शाळेचं नेमणुकीचं पत्र आलं. सही मुख्याध्यापिकांची होती. आईला लिहिलं तेव्हा पावसाचं, लुगड्याचं, मुलाखतीचं सगळं लिहिलं. चहाचं लिहिलं नाही. ते सांगायला मला पुढे बरीच वर्षं लागली.