टोपात मागे ठेवलेला भात

फोन आला तेव्हा मी रोह्यात मेव्हण्याच्या ओटीवर उभा होतो. बसलो नव्हतो. तो बस बस म्हणत होता, त्याची बायको आतून चहा टाकते म्हणत होती, आणि मी वालाची पिशवी हातात धरून गाडी चुकेल, गाडी चुकेल करत होतो. वाल माझ्या बायकोनेच मागवले होते. भावाच्या शेतातले पाहिजेत, बाजारातले नकोत, असं सकाळी मला दोनदा बजावून सांगितलं होतं. फोनवर मुलगा होता. म्हणाला, "बाबा, तुमी निघा." मी म्हटलं, निघतोच आहे. तर तो म्हणाला, "सावकाश या..." घाई असली की माणूस लवकर या म्हणतो. सावकाश या म्हणाला, तेव्हाच मला कळलं की घाई संपली. मेव्हण्याला काय सांगायचं ते सुचेना. त्याची सख्खी बहीण. मी नुसता फोन त्याच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

माझ्या बायकोचं नाव गुलाब. माहेर रोह्याकडचं, सासर गडबचं. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. लिहायला बसलो की उठतो, पुन्हा बसतो. शाळा माझी थोडीच झाली, त्यामुळे लिहिणं मागेपुढे होईल. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. दिवसकार्याच्या वेळी घरात बायका जमल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, बिचारी जन्मभर सगळ्यांच्या मागनं जेवली, उरलंसुरलं खाल्लं. बाकीच्यांनी माना हलवल्या. मला तिथेच उठून बोलावंसं वाटलं. बोललो नाही, लोक म्हणाले असते म्हातारा भांडतो. पण ती बिचारी नव्हती. आणि उरलंसुरलं काय असतं, ते त्या बायकांनी तिला विचारायला पाहिजे होतं.

आमच्या घरात बाईने मागाहून जेवायचं हे होतंच. ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही. वाईट होतं म्हणायलाही माझी हरकत नाही. पण तिचं जेवण त्याच्यावर बसलेलं होतं, हे खरं. मी नागोठण्याला कंपनीत हेल्पर होतो. शिफ्ट कधी सकाळची, कधी दुपारची. मी ज्या वेळेला येईन ती तिच्या जेवणाची वेळ. मी जेवायचो, मुलगा जेवायचा, कोण पाहुणा असला तर तो जेवायचा, आणि मग ती गॅसच्या बाजूला खाली पाट ओढून बसायची. ताट घ्यायची नाही. टोप पुढ्यात घ्यायची, त्यात डोकावून बघायची, आणि जेवढा भात असेल तेवढी तिला भूक असायची. जास्त उरला तर जास्त जेवायची, कमी उरला तर म्हणायची आज भूकच नव्हती. तळाला लागलेला भात बोटाने सोडवून, त्यावर आमटी ओतून खायची. कोणाला कसं लागतं ते सगळं तिला ठाऊक. मुलाला कांद्याची फोड दिसली की तो कालवण बाजूला सारायचा, म्हणून कांदा वाटून टाकायची. आणि माझं असं, की भात वाढू का विचारलं की मी नको म्हणतो. का म्हणतो ते मलाही सांगता येणार नाही. ती विचारायचीच नाही. मी दुसरीकडे बघत असलो की पळी टाकून मोकळी.

आजारपण पोटाचं होतं. ऑपरेशन झालं, आणि पुढे सलाईनमधून औषध द्यायचं ठरलं. दवाखान्याला जवळ पडावं म्हणून मुलाने तिला पेणला, रामवाडीला आपल्या घरी नेलं. डॉक्टरांनी एकच अट घातली. वजन टिकलं पाहिजे. वजन उतरत गेलं तर औषध देता येणार नाही, अंग सोसणार नाही. म्हणजे तिने जेवायचं, एवढंच काम. सोपं वाटलं मला. सून वैशाली कामाची आहे, तिने मनापासून सगळं केलं. टेबल पुसायची, ताट मांडायची, ताटात छोट्या छोट्या वाट्या, सासूला आधी बसवायची आणि आम्ही सगळे नंतर. थोडं थोडं पण वरचेवर द्या असं सांगितलं होतं, तसं देत होती. आणि गुलाब दोन घास खायची, तिसरा हातात धरून बसायची, आणि म्हणायची, पोट भरला गो माझा.

मग आम्ही जेवण बदलत राहिलो. अंडं नको तर पनीर, पनीर नको तर सूप, सूप नको तर दुधात पावडर. मी तर पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरत होतो. गडबला जाऊन घरची तांदळाची भाकरी शेजारणीकडून भाजून आण, बाजारात जाऊन जिताडा मासा बघ, मिनीडोर रिक्षात बसून परत ये. ताट पुढ्यात ठेवलं की ती माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "तुमी जेवलाव?" मी म्हणायचो, माझं राहू दे, तू जेव. झालं, हात थांबला. एकदा मी चिडून म्हटलं, तुला औषध नको असेल तर तसं सांग. ती म्हणाली, "मी काय मुद्दाम करतेय? उतरत नाय तर काय करू?" खोटं बोलत नव्हती. वजन खाली चाललं होतं आणि औषधाची तारीख पुढे ढकलली गेली.

तेव्हा दवाखान्यात आहाराचं सांगणाऱ्या मॅडम होत्या, त्यांच्याकडे आम्हाला पाठवलं. वयाने लहान, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी गुलाबला विचारलं काय काय खाता. ही म्हणाली, "सगळा खाते बाय मी." मॅडम हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "आजोबा, काय खातात ते मला कळलं. कशा जेवतात ते सांगा. कुठे बसतात, कोण वाढतं, कोणाबरोबर जेवतात?" मला वाटलं ह्याला काय अर्थ आहे. पण मी सांगितलं, पाट, गॅसची बाजू, टोप, सगळ्यांच्या नंतर. सांगता सांगता मीच थांबलो... मॅडम म्हणाल्या, "म्हणजे त्या कधी सगळ्यांच्या आधी जेवलेल्याच नाहीत." मी म्हटलं, कधीच नाही. "आणि दुसऱ्याने वाढून दिलेलं ताट?" ते लग्नाच्या पंगतीत, आणि तिथेसुद्धा ही अर्ध्यातून उठून वाढायला जायची. मॅडमनी आहारातलं काहीच कमी केलं नाही. अंडं, डाळ, मासे, सगळं राहू दे म्हणाल्या, पण आजींना घरी जेवायच्या तसं जेवू द्या. चार घास पोटात जाऊ दे, बाकीचं पुढे बघू.

त्या दिवसापासून रामवाडीच्या घरात उलटं सुरू झालं. टेबल बंद. स्वयंपाकघरात फरशीवर पाट टाकला, पाठीला उशी लावली आणि तिला गॅसच्या बाजूला बसवलं. आम्ही आधी जेवायला बसलो तिच्यासमोर. पळी तिच्या हातात दिली. भात थोडा खाली सांडायचा, सून पुढे व्हायची तर मी डोळ्याने नको म्हणायचो. आणि आम्ही सगळे चोर झालो. मॅडमनी सांगितलेलं अंडं, तेवढी डाळ, तेवढा भात टोपात मागे उरलाच पाहिजे, म्हणून मुलगा अर्ध्या पोटी उठायचा, मी आज तोंडाला चव नाही म्हणायचो, सून म्हणायची आज माझा उपास आहे. मागे एवढं उरायचं की गुलाब वैतागायची. अन्न टाकणं तिला माहीत नव्हतं. कुरकुर करत टोप ओढायची आणि जेवायची. पहिल्या दिवशी तिने तळाचा भात बोटाने काढला, तेव्हा सून बाहेर जाऊन डोळे पुसून आली.

चार दिवसांनी ती सुनेला म्हणाली, "काल अंडा उरला, आज पण उरला. ह्या घरात अंदाजानं रांधता येत नाय काय कोणाला?" सून म्हणाली, "चुकतं माझं, आई." ही जेवली. हात धुताना मला हळूच म्हणाली, "मला सगळा कळतं हां. येडी नाय मी."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. तुमी उपाशी उठताव ते बघवत नाय. दुपारचा डबल रांधा नि पोटभर जेवा. माझा मी बघते."

म्हणजे चोरी तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तरी जेवत होती. दुसऱ्या दिवसापासून टोप मोठा लागला.

वजन थांबलं. मग थोडं चढलं. औषध सुरू झालं. ते दिवस आमचे बरे गेले, एवढंच सांगतो. दुपारी पाटावर बसून ती सुनेला बिरडं शिकवायची. वाल मोड आणून सोलायचे कसे, नख कुठे लावायचं. सुनेने सोललेला एकेक वाल उचलून बघायची आणि म्हणायची, "अर्धा साल तुझ्या नवऱ्यासाठी ठेवलास काय गो?" दोघी हसायच्या. मी बाहेरच्या खोलीत पेपर उलटायचो आणि एक कान तिकडे. पुढे एका औषधानंतर ताप आला आणि तो उतरला नाही. डॉक्टरांनी जे करता येतं ते केलं. शेवटच्या दिवशी सकाळी पेज प्यायली, मला रोह्याला पिटाळलं, आणि दुपारी गेली. सून जवळ होती. मी नव्हतो. त्याचं आता काय करू...

दिवस झाल्यावर मुलाने मला रामवाडीला ठेवून घेतलं. सून मला आधी वाढायची, मानाने, आणि विचारायची, बाबा भात वाढू? मी म्हणायचो नको. तिची चूक नाही. विचारल्यावर मी नकोच म्हणतो. थोड्या दिवसांनी पँटला दोरी बांधायची वेळ आली. मुलगा रागावला, डॉक्टरकडे चला म्हणाला. मी गडबला पळून आलो. गडबला घर खायला उठलं, तर रोह्याला मेव्हण्याकडे गेलो. तिथे सगळे तिच्याच गोष्टी काढून रडायला लागले, तर परत आलो. कंडक्टर ओळखायला लागला. कुठेच बूड टेकत नव्हतं. भात शिजवायचो, अंदाज दोघांचाच पडायचा, दोन घास उभ्याने खायचो, आणि बाकीचा तसाच टोपात. मागे ठेवायची सवय हाताला लागून गेली होती. सकाळी झाकण काढलं की भात तसाच.

परवा दुपारी काय झालं, उभं राहून पाय दुखले म्हणून मी तिच्या पाटावर बसलो. गॅसच्या बाजूला. एवढ्या वर्षांत त्या जागी मी कधी बसलो नव्हतो. तिथून बघितलं तर आमची जेवायला बसायची सगळी जागा समोर दिसते. माझी, मुलाची, पाहुण्याची. कोणाच्या ताटात काय संपलं, कोणी काय बाजूला सारलं, सगळं दिसतं. दारही दिसतं, दारातून हायवेपर्यंत रस्ता दिसतो, कोण येतंय ते दिसतं. ह्या जागेवर बसलेली बाई बिचारी कशी असेल? सगळ्या घराची पोटं तिच्या नजरेखाली होती. मी मात्र तिथे बसून समोरच्या मोकळ्या जागांकडे बघत होतो आणि घास काही वळेना.

दारातून रफिक दिसत होता. हायवेला आमच्या समोर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. एकटाच असतो, गावाकडे बायकामुलं. कधी बघावं तर वडापाव खात असतो. मी हाक मारली. तो टायर टाकून धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं. मी म्हटलं, हात धू आणि बस. तो ऐकेना, म्हणाला, "चाचा, पहले आप." मी म्हटलं, "तू जेव, माझं बघू नको." बसला बिचकत बिचकत. मी भात वाढला, वर आमटी. माणूस भुकेला होता. पण तीन-चार घासांनी त्याच्या कपाळाला घाम फुटला, आमटी एका बाजूला राहिली आणि तो कोरडा भात खायला लागला. तोंडाने म्हणत होता, बहुत अच्छा है. तो पाण्याच्या तांब्याकडे वळला तशी मी न विचारता भाताची पळी टाकली. नको म्हणाला नाही. सगळा खाल्ला.

बाहेर ट्रक येऊन हॉर्न मारायला लागला, तसा तो हात पुसत पळाला. मी टोप पुढ्यात ओढला. आत बराच भात होता. आमटी ओतली आणि जेवलो, तळापर्यंत.

उद्या आमटीत मिरची कमी टाकायला पाहिजे.