पूजेतला पाना

रेडिएटर बदलून गाडी घरी आली ती खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. मिस्त्री घाईत होता, त्यालाही दुकान धुऊन पूजा मांडायची होती. किल्ली हातात देत तो कानडीत म्हणाला, "अम्मा, पंख्याचा पट्टाही नवा घातलाय. नवा पट्टा ढिला पडतो. आजच थोडी फिरवून आणा, मी परत ताणून देतो. आणि चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर तिथेच थांबा. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो. तसंच पुढे रेटलंत तर इंजिन धरेल, जाम होऊन बसेल."

मी "सरी", बरं, म्हटलं आणि प्रसादाच्या कोसंबरीची डाळ भिजत घालायला आत गेले. गाडी काही फिरवली नाही.

आम्ही तेव्हा यशवंतपूरच्या अलीकडे राहत होतो. हे कामासाठी हुबळीला गेलेले, घरात मी आणि सासूबाई. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं, त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही. खंडेनवमीला अक्कांचा नियम कडक होता. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. विळीलासुद्धा सुट्टी, म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. त्या वर्षी त्यांनी गाडीच्या डिकीतले पाने, पक्कड, जॅक सगळं बाहेर काढून देवापुढे पाटावर मांडलं. गाडीच्या आत शिरून काट्यांच्या आणि दिव्यांच्या प्रत्येक काचेला कुंकवाचं बोट लावलं. मी बेळगावची, मला हसू येत होतं. पण सासूपुढे शहाणपण पाजळायचं नसतं हे एव्हाना शिकले होते.

पूजा झाली आणि अक्कांनी धूप घातला. त्यांना दमा होता. बेंगळूरच्या हवेत तो कुणाला सोडतो? दरवर्षी त्या धुरापासून लांब उभ्या राहायच्या, त्या वर्षी घर धुरानं भरेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. तासाभरात त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. गोळी दिली, पाठ चोळली, काही उतार पडेना. ओठ काळेनिळे दिसायला लागले. डॉक्टर मल्लेश्वरमला. धावत कोपऱ्यावर गेले तर जटकेवाल्यानं घोड्याला न्हाऊ घालून हार घातलेला. आज जुंपणार नाही म्हणाला.

उरली गाडी. अक्कांनी मान हलवली. "नको गे. पूजेची आहे."

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही. त्यांना धरून पुढच्या सीटवर बसवलं, चाकांखालची लिंबं चिरडत गाडी बाहेर काढली. मी गाडी शिकून जेमतेम सहा महिने झाले होते, आणि चालवली तीही हे शेजारी असतानाच. रस्त्यावर जागोजागी पूजेत फोडलेले कोहळे पडलेले, ते चुकवत मी गाडी पुढे नेत होते. समोर लाल ठिपका दिसत होता. मला वाटलं, अक्कांचं कुंकू.

बराच पुढे गेल्यावर लक्षात आलं की बाकीच्या काचांवरचं कुंकू मंद आहे आणि हा ठिपका पेटलेला आहे. मी बोटानं कुंकू पुसलं. दिवाच होता. पाण्याच्या तापमानाचा काटा चढत चालला होता. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. थांबावं तर शेजारी बाई गुदमरतेय, जावं तर इंजिन धरेल आणि ती भर रस्त्यात गुदमरेल. आणि हे सगळं केलं मी, एका वाटीभर डाळीपायी.

लेथकाम करणाऱ्या एका कारखान्यासमोर गाडी उभी केली. दाराला केळीचे खुंट, आत पूजा मांडलेली, मालक चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटत होता. वयस्क माणूस, कपाळाला भस्म. बॉनेट उघडलं, वाफ आली. त्यानं पट्टा बोटानं दाबून पाहिला. "ढिला आहे. पाच मिनिटांचं काम." मग आपल्या हत्यारांकडे बघून म्हणाला, "इवत्तु मुट्टबारदु, अम्मा." आज हात लावायचा नाही.

मी हात जोडले. तो दुष्ट नव्हता. अक्कांकडे पाहून त्यानं मान खाली घातली, पण जागचा हलला नाही. माझे पाने आमच्या देवापुढे, त्याचे त्याच्या देवापुढे. रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात गेले असते तरी हेच ऐकलं असतं. मला रडू फुटलं.

माझ्यामागे गाडीचं दार वाजलं. अक्का उतरल्या होत्या. भिंतीला धरत, दोन पावलांवर थांबत त्या आल्या. उंबऱ्याशी चपला काढायच्या तेवढ्यातही विसरल्या नाहीत. पाटापाशी वाकल्या, सगळ्यात वरचा पाना उचलला, डोळ्यांना लावला. मग पदरानं त्यावरचं कुंकू पुसलं आणि तो मालकाच्या हातात ठेवला.

"पाप ननगे इरली," त्या म्हणाल्या. पाप मला लागू दे. एवढ्या तीन शब्दांना त्यांना तीन श्वास लागले.

त्या माणसानं पाना घेऊन बॉनेटखाली मान घातली. पट्टा ताणला, इंजिन निवल्यावर पाणी भरलं. मी किल्ली फिरवली, ॲक्सिलरेटर जरा दाबला, आणि दिवा विझला. मल्लेश्वरमपर्यंत मी रस्ता कमी आणि ती काच जास्त पाहिली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं अक्कांच्या ओठांना रंग आला, तेव्हा कुठे मी खाली बसले.

त्या दिवसाबद्दल अक्का घरात कधी बोलल्या नाहीत. नियमही मोडला नाही, विळी दसऱ्यापर्यंत पाटावरच राहायची. फक्त गाडीचे पाने त्यांनी पुन्हा घरात आणले नाहीत. दर खंडेनवमीला त्या अंगणात जायच्या, डिकीत वाकून एकेका पान्याला तिथल्या तिथे कुंकू लावायच्या. वाकलं की त्यांना धाप लागायची. मी म्हणायचे, "अक्का, द्या, मी लावते."

"नको," त्या म्हणायच्या. "तू स्वल्प गाडी फिरवून आण आधी."

मी निमूट किल्ली घ्यायचे. रस्ताभर माझी नजर त्या दिव्यावर असायची, आणि तो विझलेला असला तरी मला धाप ऐकू यायची.