टॅबमधलं जुनं काहीतरी

परवा माझ्या हातून एका शाळेचा आख्खा हंगाम पुसला गेला. थकलो होतो, हे काही कारण नाही... पण थकलो होतो, हे खरं.

सध्या माझं काम म्हणजे बाइकवरून शाळाशाळांत जायचं, टॅबमध्ये पोरांची ॲप टाकायची, बाईंना-सरांना दाखवायची आणि फोटो काढून वर पाठवायचा. बारावी अर्धवट सोडलेला मी शिक्षकांना शिकवतोय, हे घरी अजून कुणाला खरं वाटत नाही. मलाही फारसं नाही. याआधी ड्रोन फवारणीवाल्याबरोबर फिरलो, त्याआधी मंडपवाल्याकडे... हे किती दिवस टिकतंय, बघू.

सकाळी अंथुर्ण्याला दोन शाळा केल्या. मग बारामती, तिथून सोमेश्वरनगर, उसाच्या ट्रॉल्यांमागं धूळ खात. मध्ये एका रसवंतीवर अर्धा तास गेला, कारण तिथलं कुत्रं फक्त उसाचा चोथा खातं आणि मला ते बघायचंच होतं. असो.

शाळा म्हणजे ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळचा, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांजवळचा, पत्र्याचा एक वर्ग. बीडकडून आलेल्या टोळ्यांची पोरं तिथं शिकतात आणि हंगाम संपला की आईबापांबरोबर परत जातात. शिकवायला एकट्या गायकवाड बाई. गाळप बंद व्हायला दोन दिवस, एक टोळी तर दुसऱ्या दिवशी पहाटेच निघणार... आणि आम्ही आत्ता ॲप घेऊन हजर. यादीत शाळेचं नाव होतं ना!

टॅबवर आलं, जागा अपुरी. एका फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइली दिसल्या. म्हटलं, जुनं काहीतरी असेल. बाहेर एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट वळणावर अडकला होता, त्याच्याकडं बघत बघतच सगळं सिलेक्ट केलं आणि उडवलं. सवयीनं कचरापेटीसुद्धा रिकामी केली.

तेवढ्यात बाई आल्या. "तेवढं आरतीचं वाचन मला काढून द्या हो, पाची महिन्यांचं. उद्या जातेय ती."

मी कचरापेटी पुन्हा उघडून बघितली. रिकामी.

आरती तिसरीतली. अनोळखी माणसापुढं तोंडच उघडत नाही. गेल्या वर्षी ती गावी परत गेली, तिथल्या गुरुजींनी "वाच" म्हटलं आणि ही नुसती उभी. झालं... नेऊन बसवली पहिलीच्या पोरांत. म्हणून यंदा बाई दर महिन्याला टॅबवरच्या साध्या रेकॉर्डरवर सगळ्या पोरांचं वाचन घेत होत्या. गुरुजींना तेच ऐकवायचं ठरलं होतं.

मी खरं ते सांगून टाकलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या.

"तुमच्या फोनमध्ये असेल ना?" मी विचारलं.

"पालकांच्या ग्रुपवर टाकायची मी. पण वरून इतक्या लिंका न् फॉर्म येतात... फोन भरतो, महिन्याला सगळं साफ करते. आणि ग्रुपवर ऐकतंय कोण? पाच महिन्यांत एक अंगठा आला नाही."

पुन्हा रेकॉर्ड करू म्हणून आरतीपुढं टॅब धरला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, तरी नाही. पत्र्यामागं मी आहे हे तिला माहीत होतंच की.

पाचच्या सुमाराला फडातून बाया परतल्या. आरतीची आई पोरीला न्यायला दारात आली, डोक्याला फडकं, हातात कोयता. बाई तिला म्हणाल्या, "टॅबमधलं सगळं गेलं हो." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

"गेलं म्हंजी? माझ्यात हाय की!" आणि तिनं कमरेच्या पिशवीतून काच तडकलेला फोन काढला.

"तुम्ही पुसलं नाही?" मी विचारलं.

"मला निस्तं लावाया येतं दादा, पुसाया येत न्हाय." मग बाईंकडं वळून, "आन् पुसू कशाला? टोळीत नेट ह्या एकाच फोनात. भाकरी खाताना समद्या बाया ऐकत्यात. त्यो विकास अडाकला की त्याची आयच वरडती, म्होरं जा की मुडद्या!"

बाई हसल्या. हसता हसता फळ्याकडं तोंड फिरवलं. "मी तर पुढच्या वर्षी पाठवायचंच बंद करणार होते..."

"मंग आमी काय ऐकायचं, बाई?"

ऐकलं की अंगठा पाठवतात, हे त्या बायांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळ्या पोरांच्या फाइली मी त्या फोनमधून टॅबवर घेतल्या, पोराचं आणि महिन्याचं नाव घालून. आरती पहिल्या फाइलीत "क... म... ळ" म्हणताना धापा टाकते. पाचव्या फाइलीत आख्खी गोष्ट, कुठंही न अडता. ती लागली तेव्हा आरती आईच्या पदरामागं लपली... पण ओठ हलत होते.

"ह्येच लावती गुरुजींच्या कानाला," आई म्हणाली. "बगू आता कुटं बसिवत्यात!"

सगळं परत टाकल्यावर नव्या ॲपला जागा उरली नाही. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. तेव्हापासून टॅब हातात आला की आधी विचारतो, यातलं काय कुणाचं आहे... परवाची अक्कल आहे, टिकावी एवढीच इच्छा.

आत्तापर्यंत ती टोळी गावी पोचली असेल. त्या माउलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं, ग्रुपवर ती 'आरतीची आई' अशीच आहे. बाईंना हे त्याच ग्रुपवर टाकायला सांगतोय. ताई, तुमच्यामुळं वाचलो. हे तुम्हाला वाचता येणार नाही... पण आरती वाचून दाखवेल.